जहांआरा मावशीची खुर्ची

जहांआरा मावशी अंगानं मोठी बाई. लहानपणी मला वाटायचं, आमच्या भागात गार सावली दोघांचीच पडते, एक कडुनिंबाची आणि एक मावशीची. ती आमची नात्याची कुणी नव्हे. संग्रामपूरच्या मणियार गल्लीत तिचं घर, आणि ती गल्ली जिथं संपते तिथून पुढं बौद्ध वस्ती, तिच्यात आमचं. माझी आई पंचफुला आणि मावशी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गावात आल्या. दोघींनाही गावात ओळखीचं कुणी नव्हतं. पाण्याच्या टाकीपाशी त्यांची जी ओळख झाली, ती पुढं सुटलीच नाही.

मावशी बांगड्या भरायची. डोक्यावर पेटी घेऊन आसपासची खेडी पायी पालथी घालायची. तिच्या मुठीत हात दिला की हाडं मऊ व्हायची. ती अंगठ्याच्या बुडाशी असं काही दाबायची, की काचेची बांगडी सर्रकन मनगटावर यायची, आणि तोवर ती तुमच्या सासूची, म्हशीची, पोराच्या खोकल्याची चौकशी करून मोकळी झालेली असायची. माझ्या लग्नाचा हिरवा चुडा तिनंच भरला. मी रडायला लागले तर म्हणाली, "सारिका, रडू नको वं, घामानं बांगडी सरकते, आसवानं नाई सरकत."

तिचं आणखी एक काम होतं. गावात मुसलमानाच्या घरची बाई वारली की तिला शेवटची आंघोळ घालायला, म्हणजे गुस्ल द्यायला, मावशीला बोलावणं यायचं. हे काम तिनं सासूकडून घेतलं होतं. भल्याभल्या बाया मयतीला हात लावायला कचरतात. मावशी कचरत नसे. तिच्या हातात बळ होतं. आजारानं सुजलेली असो की म्हातारपणी वाळून काडी झालेली, ती बाईला अशी कुशीवर वळवायची जशी झोपलेल्या लेकराला वळवतात. लोक म्हणायचे, जहांआरानं हात लावला की मयतीच्या चेहऱ्यावरची वेदना उतरते.

तिचे मालक फकीर मोहम्मद चाचा. सायकलच्या पंक्चरचं दुकान. अंगानं इतके बारीक, की दोघं बाजाराला निघाले की पोरं मागून हसायची. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं मावशी हसायची.

मग तिच्या कंबरेत दुखायला लागलं. तिनं ते बरेच दिवस अंगावर काढलं. एकदा बाजारातून घरी आली तर एका पायात चप्पल नव्हती, आणि ती कुठं निसटली हे तिला कळलंच नव्हतं. मी तेव्हा अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून लागले होते. तिला तिकडं आणलं. मणक्यातली नस दबली होती आणि दबून फार काळ झाला होता. ऑपरेशन झालं, दुखणं गेलं, पण पाय परत आले नाहीत. डॉक्टरांचं बोलणं मीच तिला समजावून सांगितलं. ती छताकडं बघत ऐकत होती.

"अन् हात?" तिनं विचारलं.

"हाताले काही झालं नाई मावशी."

"मंग ठीक हाये," ती म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड केलं.

एका शिबिरातून तिला चाकाची खुर्ची मिळाली. खुर्ची चांगली होती, पण ती मावशीसाठी केलेली नव्हती. दोन्ही बाजूंचे दांडे तिच्या कुशीत रुतायचे. पावसाळ्याचे दिवस होते आणि आमच्याकडची काळी माती तुम्हाला ठाऊकच आहे, माणसाच्या पायातला बूट काढून घेते. चाचांनी खुर्ची गल्लीत ढकलली. पुढची बारीक चाकं चिखलात बसली, एक पाय वाकला, आणि मावशी खुर्चीसकट आडवी झाली. माणसं धावली. चादर आणली, चार टोकांना चौघं लागले आणि तिला उचलून घरात नेलं. चांगल्या मनानंच नेलं. पण मावशीनं त्या दिवशी आईला सांगितलं, "पंचफुला, मले जित्तेपणी चौघाईनं उचललं. आता मी मेल्यावरच उचला. तोवर मी कोठीच नाई जात."

आणि ती खरंच कुठं गेली नाही. वर्षं गेली. तिची खाट खिडकीजवळ होती, खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसायची. बायका बांगड्या भरायला घरी यायच्या, ती खाटेवर बसून भरून द्यायची, चेष्टामस्करी करायची. पण गावात कुणाची आई, कुणाची सून वारली आणि दुसऱ्याच कुणी तिला गुस्ल दिला, की त्या दिवशी मावशी जेवत नसे. हातातली तसबीह, म्हणजे जपमाळ, ओढत बसायची. आई सांगायची, "आज तिच्या घरी गेली मी. हाताकडं पाहत होती सोताच्या."

अशात एक दिवस आमच्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. मावशीपेक्षाही थोराड. ते एका खुर्चीत बसून आले, आणि खुर्ची कुणीच ढकलत नव्हतं. मी हातात सलाईनची बाटली घेऊन उभी होते ती उभीच राहिले. रुंद बैठक, ट्रॅक्टरच्या पोरानं घालावेत असे जाडजूड टायर, बैठकीखाली दोन बॅटऱ्या, उजव्या हाताशी अंगठ्याएवढी एक कांडी. ते उतारावरून न थांबता वर आले, व्हरांड्यात जागच्या जागी गर्रकन फिरले आणि मला म्हणाले, "सिस्टर, एक्स-रे कुठं काढतात?"

मी त्यांना एक्स-रेची खोली दाखवली आणि मग त्यांची पाठच सोडली नाही. खुर्ची कुठून आणली, किती वजन पेलते, चिखलात चालते का, वीज गेली तर काय. त्यांनी पुण्यातल्या एका संस्थेचा नंबर दिला. अशा खुर्च्या ते लोक माणसाच्या मापानं बांधवून देत होते. मी फोन केला, पुन्हा केला, मावशीची सगळी हकिकत सांगितली. अखेर तिकडून पूनम नावाच्या मुलीचा फोन आला. ती तिथं खुर्च्या बसवून द्यायचं काम करायची. म्हणाली, देऊ, पण मापं अचूक हवीत. कंबरेची रुंदी, मांडीची लांबी, दाराची रुंदी, आणि मुख्य म्हणजे वजन. वजन अंदाजानं चालणार नाही. मोटर, टायर, सांगाडा, सगळं त्याच्यावर ठरतं.

आता वजन करायचं कुठं? दवाखान्याच्या काट्यावर उभं राहावं लागतं, आणि तो काटा तितकं दाखवतही नव्हता. आईनंच तोड काढली. "जिनिंगात कापसाच्या गाठी मोजतात नं? तो काटा भुईसपाट असते."

मावशीला हे सांगायला मी धजत नव्हते. आई धजली. मावशी लाल झाली. "मी काय गाठ हाये काय?" म्हणाली. आई तिच्या पायाशी बसून राहिली. म्हणाली, "चौघं नाई उचलणार तुले. कोणीच हात नाई लावणार. तुह्या खाटेले चाकं लावू, टेम्पोले फळ्या लावू. तू बसल्या बसल्या जायशीन. मी तुह्यासंगं खाटेवर बसतो म्हन, नाईतर."

"तू बसली तं वजन चुकीन," मावशी म्हणाली. म्हणजे ती तयार झाली होती.

चाचांनी हातगाडीची चाकं आणून खाटेला पक्की बसवली. हंगाम संपला होता, जिनिंगचं आवार मोकळं होतं. काट्यावर भाऊराव नावाचे वयस्क गृहस्थ होते. आम्ही खाट फळ्यांवरून खाली घेतली आणि काट्याच्या लोखंडी पाट्यावर ढकलली. उन्हात मावशी ओढणी सारखी करून बसली होती. आवारातली दोनचार माणसं लांबून बघत होती. तेव्हा मावशीच बोलली.

"भाऊराव, अगोदर ओल तं पाहून घ्या. मंग म्हणसान, माल ओला होता."

भाऊराव हसले, बघणारी माणसं हसली, आई तर डोळे पुसत हसली. पण आकडा दिसायला लागला तसं भाऊरावांनी डोक्यावरची टोपी काढून त्या आकड्यांवर धरली. आम्हा सगळ्यांकडं पाठ केली, आणि टोपी एका बाजूनं जराशी उचलून मावशीला म्हणाले, "बाई, हे तुमचं तुमीच वाचा."

मावशीनं वाचलं. मग रिकामी खाट मोजायची म्हणून तिनं हातांच्या जोरावर स्वतःला फळीवरून टेम्पोच्या हौद्यात सरकवलं. खाटेचं वजन वजा करून उरलेला आकडा तिनं मला मोठ्यानं सांगितला, आवारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. "लिही सारिका. लाजायचं काय त्याच्यात. एका गाठीपेक्षा तं कमीच हाये." मी खूप रोगी पाहिलेत. स्वतःच्या देहाचा असा हिशेब इतक्या ताठ मानेनं देणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढचं काम घराचं. खुर्चीला दार अरुंद पडत होतं. आईचा भाऊ सहदेवमामा गवंडी. तो म्हणाला, चौकट मी काढतो. पण चाचांनी घण हातातून सोडला नाही. त्या काडीसारख्या माणसानं दाराची कड स्वतः फोडली. मामानं मग रुंद चौकट बसवली आणि दारापासून गल्लीपर्यंत लांबलचक उतार बांधला. तो उतार समोरच्या घराच्या ओट्याला भिडायला लागला. आता भांडण होणार असं वाटलं. पण समोरच्यांनी सकाळी उठून आपल्या ओट्याची पायरी आपल्याच हातानं काढून टाकली आणि कुणी विचारायच्या आत मलबाही उचलला.

खुर्ची आश्विनात आली. पाऊस ओसरला होता, कपाशी फुलांवर होती. टेम्पोतून मोठं लाकडी खोकं उतरलं, सोबत पूनम. विशीतली, केस बांधलेले, खिशात पाने-पेचकस. तिनं खोकं उघडलं तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्ची काळी, रुंद, जमिनीला घट्ट. कुणीतरी म्हणालं, "अरे बाप्पा, हे तं बुलेटच हाये." एका म्हाताऱ्या मियांनी पुढं होऊन टायरवर हात फिरवला, जसा बाजारात बैलाच्या पाठीवर फिरवतात.

पूनमनं खुर्ची खाटेला लावली आणि मध्ये एक गुळगुळीत फळी टाकली. आम्ही मदतीला वाकलो. "कोणी हात लावू नका," मावशी म्हणाली. तिनं तळवे टेकले, खांदे ताणले आणि इंचाइंचानं सरकत खुर्चीत गेली. बसली. दोन्ही बाजूंनी हात फिरवून पाहिलं. कुठं काही रुतत नव्हतं. "माह्याच मापाची हाये," ती हळूच म्हणाली, जणू कुणीतरी तिच्यासाठी परकर शिवून आणला होता.

"ही कांडी पुढं केली की पुढं जाते, मागं केली की मागं," पूनम सांगत होती. "सोडली की जागेवर थांबते. घाबरलात तर फक्त सोडून द्या."

मावशीनं कांडीवर बोट ठेवलं. खुर्ची हलली आणि तिनं लगेच सोडलं. पुन्हा ठेवलं. मग कांडी एका अंगाला कलवली आणि खुर्ची जागच्या जागी फिरायला लागली. मावशीला तिची खोली सगळीकडून दिसली: चूल, पेटी, खिडकी, चाचा, आम्ही, पुन्हा चूल. ती फिरत राहिली. कुणी हसलं नाही. इतकी वर्षं मावशी आपली खोली एकाच कोनातून बघत होती हे आम्हाला त्या वेळी समजलं.

मग ती दारातून बाहेर आली, उतारावरून गल्लीत. चाचांनी मागून पाठीला हात लावून धरला होता, चालायला शिकणारं पोर पडेल म्हणून धरावं तसा. मावशी समोर बघतच म्हणाली, "हाथ निकालो जी."

चाचांनी हात काढला. मावशीनं कांडी पुढं केली. खुर्ची निघाली ती चाचांच्या चालीनं नव्हे, आपल्या चालीनं. चाचा आधी भराभर चालले, मग पळायला लागले. ओट्यावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. का उठली त्यांनाही सांगता आलं नसतं. गल्लीत नुसता मोटरचा बारीक आवाज आणि चाचांच्या चपलांची फटफट.

आमच्या दाराशी ती थांबली. आई सुपात डाळ पाखडत होती. तिनं मान वर केली. सूप हातात तसंच.

"चाय घेतं काय?" आईनं विचारलं.

"मंग घेतो. अगोदर पुढं जाऊन येतो. चाल तूबी."

दोघी गावाबाहेर निघाल्या, मागं मी, पूनम आणि धापा टाकणारे चाचा. शेवटचं घर मागं पडलं आणि उत्तरेकडं सगळा सातपुडा उघडा झाला. उन्हं कलती होती. पावसानं धुतलेले डोंगर, जवळचे हिरवे, मागचे निळे, त्यामागं आणखी एक ओळ, आकाशात मिसळलेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्ही रोज बघतो म्हणून आम्ही बघत नाही. मावशीचं बोट कांडीवरून सुटलं. खुर्ची थांबली.

तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"पंचफुला, सातपुडा एवढा मोठा होता काय वं?"

"एवढाच होता."

"मी रोज आठवत होती त्याले खाटेवर पडून. आठवू आठवू माह्यापाशी लहान होऊन गेला." ती पुन्हा बघत राहिली. "सुभानअल्लाह," एवढंच म्हणाली. पूनमनं हळूच आपला मोबाईल खिशात ठेवून दिला. फोटो काढायचा होता तिला, पण काढला नाही.

त्या हिवाळ्यात एका सकाळी मदिहा नावाची सून रडत मावशीच्या दारात आली. तिची सासू पहाटे गेली होती. घर ओढ्यापलीकडं. गुस्ल देणारी दुसरी बाई लेकीकडं अकोटला गेलेली. घरातल्या पोरींपैकी कुणी हे काम पाहिलेलं नव्हतं, आणि मदिहाला तर मयतीजवळ जायचीही भीती वाटत होती. मी गावात नव्हते. हे सगळं मला आईनं सांगितलं, कारण ती बाहेर पाणी तापवत होती.

ओढा कोरडा होता, पण काठ चढाचा आणि मातीत बैलगाड्यांच्या खोल चाकोऱ्या. माणसं म्हणाली, आम्ही धरतो. मावशीनं त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. खुर्ची खाली उतरली, तळाशी वाळूत जरा गुरगुरली, आणि मग त्या जाडजूड टायरांनी काठ धरला. एक चाक हवेत उचललं गेलं तेव्हा आईनं डोळे मिटले. उघडले तेव्हा मावशी वर पोचली होती आणि विचारत होती, "पाण्यात टाकाले बोरीचा पाला आणला काय कोणी? काफूर?"

परसात चादरी बांधून आडोसा केला होता. खुर्चीची बैठक वर उचलता यायची. मावशीनं ती मयत ठेवलेल्या तख्ताच्या उंचीला आणली. मदिहाला शेजारी उभं केलं. आई चादरीच्या या बाजूला गरम पाण्याची हंडी घेऊन बसलेली, तिला फक्त आवाज येत होता.

"भिऊ नको. तुही सासू हाये. काल तिच्या हातचं जेवली नं तू?"

"हाव."

"मंग उजव्या अंगानं सुरू कर. पाणी हळू सोड, हातावरून सोड. तिले झोंबलं नाई पाह्यजे."

पाण्याचा आवाज. मग मावशी मयतीशीच बोलायला लागली, म्हणजे तिची जुनी सवय होती ती. आता इकडं वळवतो हां. आता केस धुतो. तुझे केस अजून किती आहेत बघ. मदिहाचं रडणं कधी थांबलं ते आईला कळलं नाही. तिनं ऐकलं ते असं, की मदिहा स्वतःच सासूशी बोलायला लागली होती. केसांच्या तीन वेण्या घातल्या, कफन गुंडाळलं.

चादर बाजूला झाली तेव्हा मावशी घामानं निथळत होती. अंगणात जनाजा घेऊन थांबलेली माणसं, त्यांच्यात एकदा तिला चादरीतून उचलून नेलेलेही होते. तिच्या खुर्चीला वाट करून द्यायला ती सगळी आपसूक मागं सरली, भिंतीला पाठी लावून उभी राहिली, आणि ती मधून गेली. आई म्हणते, तिनं गावात लग्नं पाहिली, मिरवणुका पाहिल्या, मोठमोठे लोक येताना पाहिले, पण माणसं अशी गप्प होऊन वाट देताना पाहिली नाहीत.

मदिहा त्यानंतर मावशीसोबत जायला लागली. आता ती काम शिकली आहे. मावशीनं खुर्चीच्या मागं बांगड्यांची पेटी बांधून घेतली आहे आणि ती पुन्हा खेड्यांना जाते. एकदा बॅटरी वाटेत संपली तर कुणाच्या तरी शेतातल्या मोटरपंपाच्या खोलीत तिनं ती भरून घेतली आणि तेवढ्या वेळात त्या घरच्या तिघींना बांगड्या भरल्या.

मागच्या महिन्यात मी सुटी काढून गावी गेले. तिच्यासाठी अकोल्याहून नव्या चालीच्या फिरोजी बांगड्या नेल्या होत्या, काचेच्या. खोली उघडी, खाट रिकामी. दुकानात चाचा घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होते.

"चाचा, मावशी कुठं गेली?"

"क्या मालूम," ते म्हणाले. ट्यूबवरून नजरही उचलली नाही त्यांनी, पण चेहरा असा उजळला होता की मला बघतच राहावंसं वाटलं. "सुबह सुबह निकल गयी. बताके थोडी जाती है अब."

मी त्यांच्या स्टुलावर वाट पाहत बसले.